संसारातले हिशेब : इंजिन बांधावं की गाडी बदलावी?



उदगीरच्या एका भगिनींचं चार पानी पत्र आलं आहे. पहिली दोन पानं गाडीविषयी आणि उरलेली दोन पाटल्यांविषयी. त्यांची ११ वर्षांची डिझेल गाडी रस्त्यात बंद पडली, इंजिनचा टायमिंगचा पट्टा तुटला आणि गॅरेजवाल्यानं दुरुस्तीचे ९५ हजार सांगितले. यजमानांचं म्हणणं, जुन्या गाडीवर एवढा पैसा घालण्यापेक्षा पाटल्या बँकेत ठेवू, आलेल्या रकमेत पहिला भरणा करू आणि नवी कोरी गाडी दारात आणू. पाटल्या या बाईंच्या आईच्या. शेवटी त्यांनी लिहिलंय, ‘ताई, मला गाडीतलं काही कळत नाही, म्हणून मी बोलूही शकत नाही.’

हे वाक्य वाचून मला हसूही आलं आणि वाईटही वाटलं. कारण २०२५ च्या दसऱ्यापर्यंत मीही अगदी अशीच होते. गाडी चालवत होते, पण बॉनेटखाली काय चालतं ते देवाला आणि मिस्त्रीला ठाऊक. आता थोडं कळतं, आणि ते कळायला आम्हाला एकवीस हजार रुपये पडले. तेव्हा आधी आमच्या गाडीची हकिकत सांगते. उदगीरच्या भगिनींना उत्तर शेवटी देते, त्यांनी तेवढी कळ काढावी.

आमची गाडी मारुती ८००. हिची पहिली किल्ली १९८३ च्या डिसेंबरात इंदिराबाईंच्या हस्ते दिली गेली आणि जानेवारी २०१४ मध्ये कारखान्यानं ही गाडी बनवणंच थांबवलं. आमची २००८ ची, गुढीपाडव्याची. मामंजी मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले आणि मिळालेल्या पैशातून त्यांनी ही घेतली. आज मामंजी नाहीत, पण सासूबाई अजून तिला ‘यांची गाडी’च म्हणतात. मी गाडी शिकले ती हिच्यावरच. लातूरच्या गंजगोलाईत भर बाजाराच्या दिवशी हिनं मला तीनदा रडवलंय.

घरातल्या कामांची वाटणी कशी होत जाते, ते तुम्हाला सांगायला नको. गाडीचं पेट्रोल यांच्याकडे आणि गाडीचं पाणी माझ्याकडे. दर शनिवारी शाळेतून आले की बॉनेट उघडायचं, तांब्यानं पाणी घालायचं, फडक्यानं पुसायचं. नऊ-दहा वर्षं मी हे न चुकता केलं. मला त्याचा अभिमानही होता. शेजारच्या वहिनींना मी ऐकवायचेसुद्धा, ‘आमच्या गाडीचं पाणी मी कधी कमी होऊ देत नाही.’

पाणी कुठलं? बोअरचं. दुसरं कुठलं असणार? लातूरकरांना पाण्याविषयी काही सांगावं असं नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून आगगाडीनं पाणी आलं, ते आपल्याच गावाला. त्या उन्हाळ्यात टँकरचं जे मिळेल ते पाणी आम्ही हंड्यात, कुंडीत आणि रेडिएटरमध्येही घातलं. तेव्हा काटकसर करताना पाण्याची जात कोण बघत बसणार?

तर दसऱ्यानंतरच्या रविवारी आम्ही अंबाजोगाईला योगेश्वरीच्या दर्शनाला गेलो. सासूबाई, नणंदबाई, आमची लेक, हे आणि मी. पाच माणसं, ए.सी. चालू, ऊन रखरखीत. येताना मी पाहिलं की पाण्याच्या उष्णतेचा काटा रोजच्यापेक्षा वर आहे. मी म्हटलं, ‘अहो, काटा बघा.’ हे म्हणाले, ‘आता काय, घर आलंच. हळूहळू जाऊ.’ मीही गप्प बसले. रेणापूरच्या अलीकडं बॉनेटमधून वाफ निघाली, जळकट गोडसर वास आला आणि गाडीनं मान टाकली.

हे उतरून रेडिएटरचं झाकण उघडायला गेले. चहाच्या टपरीवरच्या एका ट्रकवाल्यानं ओरडून त्यांचा हात धरला, म्हणून बरं. तापलेल्या गाडीचं ते झाकण म्हणजे शिटी न काढता उघडलेला कुकर. उकळतं पाणी थेट तोंडावर येतं. काटा वर चढला की ए.सी. बंद करायचा, गाडी कडेला घ्यायची, इंजिन बंद करायचं आणि निदान अर्धा तास झाकणाला हात लावायचा नाही, हे तुम्ही आजच लक्षात ठेवा. आम्ही ती शेवटची पाच-सहा किलोमीटर ‘हळूहळू’ गेलो नसतो, तर दोन-तीन हजारांत सुटलो असतो, असं मिस्त्री नंतर म्हणाले. हे तेव्हा भिंतीवरचं कॅलेंडर बघत होते.

दुसऱ्या गाडीला दोर बांधून आमची गाडी लातूरच्या गॅरेजात आली. मिस्त्री वयस्कर, मामंजींच्या वेळचे. त्यांनी मला जवळ बोलावून तेल घालायच्या तोंडाचं झाकण उघडून दाखवलं. आत चहात ताक पडावं तसा फेस. म्हणाले, ‘तेलात पाणी मिसळलंय वैनी. गास्केट गेलंय. हेड वाकलंय का, ते काढल्याबिगर कळायचं नाही.’

त्यांनी जे समजावलं ते मी माझ्या शब्दांत सांगते. इंजिनचे दोन भाग. खाली ब्लॉक, त्यात पिस्टन खालीवर होतात, आणि वर त्याचं झाकण, त्याला हेड म्हणतात. दोहोंच्या मध्ये एक पातळ चकती असते, ती गास्केट. तेल तेलाच्या वाटेनं आणि पाणी पाण्याच्या वाटेनं जावं, यासाठी ती असते. आमच्या गाडीचं हेड ॲल्युमिनियमचं. रिकामं पातेलं गॅसवर विसरलं की त्याचा तळ फुगतो आणि मग ते ओट्यावर डुगडुगतं, तसंच हेडचं होतं. ते वाकलं की गास्केट जळतं आणि पाणी तेलात शिरतं. पाणी मिसळलेलं तेल वंगणाचं काम करत नाही, आणि तशीच गाडी पळवली की खालचा ब्लॉकही जातो.

मग त्यांनी विचारलं, ‘पाणी कोणचं घालता?’

‘बोअरचं,’ मी म्हटलं.

ते काही बोलले नाहीत. रेडिएटरच्या तोंडातून स्क्रू ड्रायव्हरनं एक पांढरी खपली काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. हीटरच्या कॉइलवर जमते ना, तीच. महिन्याकाठी व्हिनेगर घालून मी ती कॉइल घासते, आणि त्याच पाण्याचा थर गाडीच्या पोटात नऊ-दहा वर्षं माझ्या हातानं चढवत होते. रेडिएटरच्या नळ्या सुतासारख्या बारीक. त्या निम्म्याहून अधिक बुजल्या होत्या. गाडीची काही चूक नव्हती, कारखान्याचीही नव्हती. गाडीच्या पुस्तकात कूलंट घाला असं स्पष्ट छापलेलं आहे. ते पुस्तक डॅशबोर्डच्या खणात प्लॅस्टिकच्या पिशवीत नव्यासारखं जपून ठेवलेलं सापडलं.

त्या रात्री घरात सभा भरली. दिवाळी पंधरा दिवसांवर होती. हे म्हणाले, ‘पाडव्याचा मुहूर्त आहे. २२ सप्टेंबरपासून छोट्या गाड्यांवरचा जी.एस.टी. २८ टक्क्यांवरून १८ वर आलाय. याहून चांगली वेळ कोणती?’ पुण्याच्या भाऊजींनी नुकतीच नवी गाडी घेतली होती, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही. ते मला कळतं. सासूबाई म्हणाल्या, ‘यांची गाडी भंगारात गेलेली मी बघणार नाही.’ आणि मला मनातून वाटत होतं की काय वाटेल तो खर्च करून ती दुरुस्त झालीच पाहिजे, कारण ती मी मारली. तिघांची तीन कारणं, आणि इंजिनशी एकाचाही संबंध नाही!

रात्री झोप येईना, तेव्हा उठून हिशेबाची वही काढली. माझी ही सवय तुम्हाला माहीत आहे.

पहिलं पान : नवी गाडी. सगळ्यात लहान घेतली तरी विमा, कर धरून साडेचार-पाच लाख. चार लाखांचं कर्ज, ९ टक्के व्याज, पाच वर्षं, म्हणजे हप्ता सुमारे ८,३०० रुपये. पाच वर्षांत नुसतं व्याज ९८ हजार. माझं शाळेतलं मानधन या हप्त्याला जेमतेम पुरतं. ते मी बाजूला टाकते लेकीच्या अकरावी-बारावीसाठी. ती नववीत आहे. लातूरच्या क्लासच्या फिया काय आहेत, ते बाहेरगावाहून मुलं पाठवणाऱ्या मैत्रिणींनाही ठाऊक आहे. तिची ठेव मोडून आम्ही ऑफिसला आणि बाजारात जायला नवी गाडी घेणार होतो, एवढं त्या पानावर मला स्वच्छ दिसलं.

दुसरं पान : गाडीच नको. हे पान बहुतेक जणी लिहीतच नाहीत. मी मागच्या बारा महिन्यांचं पेट्रोल काढलं. आमची गाडी वर्षाला ४,३०० किलोमीटर चालली होती, त्यातली निम्मी गावातल्या गावात. तेवढ्याला रिक्षा करता येते. बाहेरगावी एस.टी. आहे. १७ मार्च २०२३ पासून आपल्याला निम्मं तिकीट, आणि सासूबाई पंचाहत्तरीच्या पुढच्या, त्यांना तर फुकट. सगळं जमत होतं, पण एस.टी.ची पहिली पायरी सासूबाईंच्या गुडघ्याला चढत नाही. दर महिन्याला त्यांना डॉक्टरांकडं न्यावं लागतं आणि रात्री-अपरात्री दम लागला तर रिक्षा शोधत फिरणं जमत नाही. त्या एका पायरीमुळं हे पान बंद केलं. तुमच्या घरात तसा गुडघा नसेल तर तुम्ही घाईनं बंद करू नका.

तिसरं पान : दुरुस्ती. इथं मी अडले. आकडाच माहीत नव्हता. सकाळी शाळेला जाताना गॅरेजात गेले आणि विचारलं, आता आहे तशी विकली तर काय येतील? भंगारवाला २२ हजार देईल. चालू करून विकली तर? ६५ हजारांच्या आसपास. दुरुस्तीला काय लागेल? फक्त हेडचं काम निघालं तर १९-२० हजार, रेडिएटर नवा धरून. खालचा ब्लॉकही गेला असेल तर बोअर करणं, पिस्टन, रिंगा, बेअरिंगं, म्हणजे पूर्ण इंजिन बांधायचं, त्याला ४२ हजार. मिस्त्री हसून म्हणाले, ‘तुमच्या घरच्या बोअरनं इंजिनचा बोअर गेला का, तेवढं बघू.’

आता हे आकडे जरा शेजारी शेजारी ठेवून पहा. ‘जुन्या गाडीत २० हजार घालायचे?’ असं विचारलं तर कुणीही नकोच म्हणेल. खरा प्रश्न तो नाही. २२ हजारांची वस्तू २० हजार घालून ६५ ची होणार असेल तर घालावेत. ४२ घालून ६५ ची होणार असेल तर लाभ जेमतेम हजाराचा, वर जुन्या गाडीची टांगती तलवार आहेच. म्हणजे सगळं अडलं होतं ते हेड उघडल्यावर काय दिसतं त्यावर. उघडून तपासायचे अडीच हजार, आणि तिथंच दुरुस्ती केली तर ते बिलात वळते.

मी यांना म्हटलं, हेड उघडायच्या आधी आकडा ठरवू. उघडल्यावर ठरवायला बसलो की माणूस हजार-हजारानं वर चढत जातो. साडी घ्यायला जातो तसंच आहे हे. आम्ही २५ हजार ठरवले, कागदावर लिहिले आणि सासूबाईंनाही सांगितले. त्याच्यावर गेलं तर गाडी विकायची आणि कुणी डोळ्यात पाणी आणायचं नाही. सासूबाईंनी जरा वेळ जपमाळ ओढली आणि म्हणाल्या, ‘बरं.’

या दोन-चार दिवसांत शेजारीपाजारी, शाळेतले शिक्षक, भाजीवाला, सगळ्यांनी सल्ले दिले. त्यातले निम्मे चुकीचे निघाले, म्हणून इथं सांगते.

एक म्हणाले, १५ वर्षं झालेली गाडी सरकार जप्त करतं. आपल्या महाराष्ट्रात खासगी गाडीला असा नियम नाही. दिल्लीकडची गोष्ट वेगळी, ती इकडं लोक जोडतात. १५ वर्षांनी आर.टी.ओ.त गाडी दाखवून पुन्हा नोंद करायची, ती पाच वर्षं चालते. शिवाय राज्याचा पर्यावरण कर भरावा लागतो. आमची २०२३ ला झाली, ती एप्रिल २०२८ पर्यंत. मात्र एक ध्यानात ठेवा. १५ वर्षांपुढच्या मोटारीला नूतनीकरणाचे ५ हजार आहेत, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रानं २० वर्षांपुढच्या मोटारीसाठी ते १० हजार केले. म्हणजे २०२८ ला आमच्यापुढं हा प्रश्न पुन्हा येणारच.

दुसरे म्हणाले, भंगारातनं दुसरं इंजिन आणा, २२ हजारांत काम. मिस्त्री स्वतःच नको म्हणाले. त्या इंजिनची हमी कोण देणार? आणि इंजिनचा नंबर आर.सी. पुस्तकावर असतो. इंजिन बदललं तर आर.टी.ओ.ची परवानगी काढून नवा नंबर चढवावा लागतो, त्यासाठी इंजिनचं रीतसर बिल लागतं. बिल नसलेलं इंजिन चोरीच्या गाडीचं निघालं तर पोलीस यांना विचारणार, मिस्त्रीला नाही.

विम्याचं विचारलंत तर, साधा विमा अपघाताचा असतो. तापून, झिजून गेलेल्या इंजिनचं त्यात काही मिळत नाही. सप्टेंबर २०२५ च्या पुरात आपल्या मराठवाड्यात कुठं कुठं पाणी शिरलं ते आपण पाहिलंय. पाण्यात बुडालेली गाडी चुकूनही चालू करायची नाही. चालू केल्यामुळं इंजिन गेलं तर त्यासाठी विम्यात वेगळं जादा संरक्षण घेतलेलं असावं लागतं.

आणि भंगाराविषयी. गाडी भंगारात द्यायची वेळ आलीच तर रस्त्यावरच्या भंगारवाल्याला नुसत्या तोंडी व्यवहारानं देऊ नका. नोंद रद्द होत नाही तोवर कागदावर मालक तुमचेच यजमान. ऑगस्ट २०२१ मध्ये सरकारनं जे भंगार धोरण आणलं, त्यात नोंदणीकृत केंद्रात गाडी दिली की प्रमाणपत्र मिळतं. त्यावर नव्या गाडीची नोंदणी फी माफ आणि रस्ता करात सवलत मिळू शकते, केंद्राच्या नियमात ती २५ टक्क्यांपर्यंत आहे. पैसे भंगारवाला रोख देतो म्हणून लोक तिकडं वळतात. कागदाची किंमत नंतर कळते.

तर, हेड उघडलं. मी त्या दिवशी शाळेतून दोन तासांची सुट्टी काढली. आजवर मुलांच्या तापासाठी सुट्टी काढली होती, गाडीच्या तापासाठी पहिल्यांदाच. मिस्त्रींनी हेड पालथं ठेवलं, त्यावर पोलादी पट्टी आडवी धरली आणि पट्टीखालून एक पातळ पत्री सरकवून दाखवली. मधोमध ती सहज गेली. हेड वाकलं होतं. मग तिन्ही सिलिंडर पुसून आत बॅटरी मारली. भिंती गुळगुळीत, ओरखडा नाही. ‘ब्लॉक वाचला,’ मिस्त्री म्हणाले. मी घरी फोन करून सासूबाईंना सांगितलं, तर पलीकडून नुसतं ‘योगेश्वरी गं बाई’ ऐकू आलं.

हेड लेथवर पाठवून घासून सपाट केलं. त्याला फेसिंग म्हणतात. व्हॉल्व्ह बसवले, गास्केटचा नवा संच, नवा रेडिएटर, पाण्याचा पंप, थर्मोस्टॅट, सगळे रबरी पाइप, नवं तेल. पाइपांचं मीच विचारलं होतं. हल्ली पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, ते आपल्याच उसाचं, म्हणून तक्रार तरी कोणाकडं करायची! पण २००८ चं रबर त्या पेट्रोलसाठी बनलेलं नव्हतं. पेट्रोलच्या नळ्याही बदलून घेतल्या.

बिल झालं २१,१५० रुपये. सांगितल्यापेक्षा जास्त, ते तर होणारच होतं, पण आमच्या आकड्याच्या आत. जुने भाग मी मागून घेतले. जुनं गास्केट, थर्मोस्टॅट, पाइप, सगळं पिशवीत. मिस्त्रींना आश्चर्य वाटलं, राग नाही आला. जो मिस्त्री जुने भाग दाखवायला कुरकुरतो त्याच्याकडं दुसऱ्यांदा जाऊ नये, असं माझं मत झालं आहे.

आता हे २१,१५० रुपये एप्रिल २०२८ पर्यंतच्या ३० महिन्यांत वाटले तर महिना ७०५ रुपये पडतात. नव्या गाडीचा हप्ता ८,३००. मधल्या काळात आणखी काहीतरी निघेल, बॅटरी आहे, टायर आहेत. त्यासाठी मी महिना हजार रुपये वेगळे टाकते आहे. लागले तर गाडीचे, उरले तर पुढच्या गाडीचे.

यांचा मात्र दिवाळीभर चेहरा पडलेला होता. मी त्यांना समजावायला गेले नाही. नव्या गाडीची हौस काही चुकीची नसते, वेळ चुकीची होती. भाऊजींची गाडी दिवाळीत दारात येऊन उभी राहिली तेव्हा हे आमची गाडी धूत होते. पाडव्याला ओवाळलं, तर यांनी तबकात पाकीट टाकलं नाही. खुर्चीमागून पाच लिटरचा हिरवा डबा काढून पाटाशेजारी ठेवला. कूलंट. सासूबाईंना वाटलं, सरबत आहे.

हे कूलंट थंड देशांसाठीच असतं, असं मला वाटायचं. तसं नाही. त्यामुळं पाणी उकळायला वेळ लागतो, गंज चढत नाही आणि खपली धरत नाही. तयार मिळतं, किंवा डबा पाहून डिस्टिल्ड वॉटरमध्ये मिसळायचं. वाटेत अडलात तर विहिरीचं, नळाचं, कुठलंही पाणी घाला, गाडी वाचवणं महत्त्वाचं. पण घरी आल्यावर ते काढून टाकून धुऊन घ्या. आणि डबा मुलांच्या हाताला लागणार नाही असा ठेवा. चवीला गोड असतं, पण विष आहे.

आता उदगीरच्या भगिनी. तुमची गाडी डिझेल, आणि दुकानाच्या मालासाठी महिन्याला दीड हजार किलोमीटर पळते. म्हणून आमचं उत्तर तुम्हाला जसंच्या तसं लागू नाही. पट्टा तुटला की बहुतेक डिझेल इंजिनांत पिस्टन वर येऊन उघड्या व्हॉल्व्हवर आपटतात आणि व्हॉल्व्ह वाकतात. कधी तेवढ्यावर निभावतं, कधी पिस्टनही जातात. ९५ हजारांचा आकडा हेड उघडून सांगितलाय की न उघडता? तुमच्या पत्रावरून वाटतं, न उघडता. तर आधी उघडायला लावा, काय गेलं ते डोळ्यांनी बघा आणि भागांची नावं व किमती लिहून मागा. एका गॅरेजचा आकडा दुसऱ्या गॅरेजात दाखवायला लाजू नका.

तुम्ही लिहिता, आहे तशी गाडी एजन्सीवाला ६० हजारांत घेतो, आणि चालू स्थितीत तशी गाडी १ लाख ९० हजारांना जाते. म्हणजे ६० अधिक ९५, १ लाख ५५ हजार. कागदावर दुरुस्ती परवडते. पण ११ वर्षांच्या, एवढ्या पळालेल्या डिझेल गाडीला येत्या दोन वर्षांत आणखी काय लागेल, ते मिस्त्रीला विचारून लिहा. क्लच, इंजेक्टर, टायर. ती बेरीज ३५ हजारांच्या वर गेली तर फायदा संपला, मग विकावी हे माझं मत. शिवाय गाडी महिन्यातून दोनदा बंद पडली तर दुकान अडतं, तो खर्च वहीत धरा. आमची बंद पडली तर एक देवदर्शन राहतं, एवढाच फरक.

विकली तरी नवीच घ्यायला हवी असं कुठं आहे? ६० हजार हाताशी, दुरुस्तीचे ९५ वाचलेले, त्यात भर घालून चार-पाच वर्षं वापरलेली, कागदपत्रं चोख असलेली गाडी येते. यजमानांपुढं हे तिसरं पान ठेवा. रागावून नको, वहीतले आकडे दाखवून. आकड्यांवर पुरुष माणसाला रुसता येत नाही, निदान लगेच तरी.

पाटल्यांविषयी विचारलंत म्हणून लिहिते. सोन्यावरचं कर्ज बहुधा वर्षाच्या मुदतीचं असतं. वर्षाच्या शेवटी व्याजासकट सोडवावं किंवा नवं करून घ्यावं लागतं, आणि गाडीचा हप्ता तर पाच वर्षं चालू राहणार. दोन्ही एकदम ओढताना एखादा महिना दुकानाला वाईट गेला, तर आधी काय लांबणीवर पडेल, ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. घराच्या अडचणीला सोनं उपयोगी पडावं, त्यासाठीच आपल्या आयांनी ते दिलं. पण वर्षागणिक किंमत घटत जाणारी वस्तू आणायला ते ठेवू नये, असं मला वाटतं.

हेड उघडल्यावर काय निघालं ते मला कळवा, आकड्यांसकट. पाटल्या तोवर कपाटातच असू द्या.